धाकटीची पट्टी

स्टुडिओ तळघरात होता आणि त्याच्या बरोबर डोक्यावर दातांचा दवाखाना. वर कोणाची दाढ कोरायला घेतली की खाली रेकॉर्डिंग थांबायचं. भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या, दारं एकाआड एक दोन होती, तरी त्या मशीनचा किर्र आवाज छतातून उतरून नेमका माइकमध्ये शिरायचाच. रेकॉर्डिस्ट तेवढ्यात डबा उघडून दोन घास खाऊन घ्यायचा. त्याचं जेवण असं दिवसभर दाढेदाढेने चालायचं.

आज मात्र दाढांची काही चूक नव्हती. वर सगळं शांत होतं. घोडं अडलं होतं ते गाण्यातच.

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून थोरली म्हणाली.

"घेऊ की," रेकॉर्डिस्ट म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

थोरली म्हणजे दोन बहिणींतली थोरली. गाणी लिहायची आणि चालीही स्वतःच लावायची. हळुवार, सहज गुणगुणता येतील अशी, दोन माणसांमधली गाणी. लोक ती भाजी चिरताना म्हणायचे, आणि कोणाचं गाणं असं विचारलं तर गायिकेचं नाव सांगायचे. तिला याचं पूर्वी वाईट वाटायचं, आता वाटत नव्हतं. म्हणजे थोडंसं वाटायचंच.

इतकी वर्षं ती गायली ती फक्त डमी. गायिकेला चाल समजावी म्हणून आधी कच्चं गाऊन ठेवतात, ती डमी. गायिका ती ऐकते, शिकते, आपल्या आवाजात गाते, आणि मग डमी पुसून टाकतात. पुसायचं काम या रेकॉर्डिस्टचं. एकदा पुसता पुसता तो थांबला आणि म्हणाला, "बाई, एकदा तुम्हीच गा ना. हे पुसायला मला बरं वाटत नाही." थोरलीने ते हसण्यावारी नेलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला. पण मग म्हणाला, "हसतेस काय? स्वयंपाकघरात तर रोज गातेस. तिथे मला उठून जाताही येत नाही. बाहेर गा, लोकांचंही होऊ दे काहीतरी." आणि असं करत करत तिचीच गाणी, तिच्याच आवाजात, असा अल्बम करायचं ठरलं. सगळी गाणी नवी, अजून कोणीच न गायलेली.

त्यातलं हे पहिलं. "खिडकीतल्या उन्हासारखी थोडा वेळ तरी ये, उशीर झाला तर झाला, तू ये." शब्द म्हणाल तर एवढेच. पण तो शेवटचा "ये" वर जायचा, चांगला उंच जायचा, आणि तिथे थोरलीचा आवाज पातळ व्हायचा. फाटत नव्हता, बेसूरही होत नव्हता, नुसता टाचा उंचावून उभा राहायचा. गाणं ऐकू येण्याऐवजी तिची मेहनत ऐकू यायची. हे तिलाही कळत होतं, आणि कळत असून ती पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन धडकत होती.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"रागावेन. पण बोला."

"पट्टी खाली घेऊ या. गाणं सगळंच्या सगळं थोडं खालून गा. वरचा 'ये' तुमच्या आवाक्यात येईल, आणि खालचे शब्द मोकळे होतील. आत्ता तुमचं सगळं लक्ष त्या एका सुराकडे असतं. बाकीचं गाणं तुम्ही उरकून टाकता."

कोपऱ्यात गिटारवाला बसला होता. गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा एक चिमटा असतो. तो पुढेमागे सरकवला की पट्टी बदलते. रेकॉर्डिस्टचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा हात चिमट्याकडे गेलाही होता. हा माणूस बोलायचा फार कमी, पण त्याच्या हाताला सगळं कळायचं.

"हात काढ तिथून," थोरली म्हणाली. "पट्टी हीच राहील."

गिटारवाल्याने हात काढला.

"पण का?" रेकॉर्डिस्टचा स्वर चढला. "मी काल या अल्बमच्या तुमच्या सगळ्या डमी ओळीने ऐकल्या. एकूण एक गाणं त्याच उंचीवर जातं. आणि त्यातलं एकही तुमच्या गळ्याचं नाही. कोणाच्या तरी मापाचे कपडे शिवून तुम्ही स्वतः घालायला बघताय. कोणाचं माप आहे हे?"

"मी खाली घेतलं, तर मग ती कशी गाणार?"

बोलून गेल्यावर थोरलीच दचकली. काचेच्या अलीकडे दोघे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले.

"ती कोण?" रेकॉर्डिस्टने हळूच विचारलं.

ती म्हणजे धाकटी.

दोघींची एकच खोली होती, भिंतीला लागून दोन पलंग, मध्ये टेबल. थोरली टेबलाशी बसून लिहायची आणि धाकटी पलंगावर पालथी पडून, पाय हलवत, शाई वाळायच्या आत ते गायची. "ताई, इथे अजून वर ने ना," असा तिचा हट्ट असायचा. थोरली वर न्यायची. आणखी वर न्यायची. धाकटीचा आवाज जितका वर जाईल तितका मोकळा व्हायचा, वर गेल्यावर तिला जणू घरी आल्यासारखं वाटायचं. थोरली गाणी लिहायला शिकली ती कुठल्या पुस्तकातून नाही, त्या गळ्यातून शिकली. पुढे छोटे कार्यक्रम झाले, पहिली रेकॉर्डिंग झाली, दोन बहिणींचं थोडंफार नाव होऊ लागलं. आणि मग धाकटीच्या मानेत गाठ निघाली.

गाठ साधी होती, ऑपरेशन नीट झालं. थोरली उशाशी बसून होती. डोळे उघडल्यावर धाकटी "ताई, चहा" एवढंच म्हणाली. आवाज शाबूत आहे हे ऐकून थोरली बाहेरच्या बाकावर जाऊन मनसोक्त रडली.

त्यानंतर धाकटी गायली नाही. आधी "बघू" म्हणाली. मग "वेळ कुठे मिळतो" म्हणाली. मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली, लग्न झालं, दुसऱ्या गावाला गेली. भांडण नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन, त्यात गुडघेदुखी, पडद्यांचे रंग, मेहुण्यांचं घोरणं, सगळं. फक्त गाणं सोडून. थोरली नवं गाणं झालं की डमी पाठवायची, आणि धाकटीचं उत्तर ठरलेलं असायचं, "छान आहे गं." त्या "छान"ने थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी गाणी हिला नकोशी झाली, असं तिने मनाशी घेतलं, आणि एकदा मनाशी घेतल्यावर विचारायचं राहूनच गेलं.

पण लिहायची ती त्याच पट्टीत. दुसऱ्या गायिका आपापल्या सोयीने गाणं खाली घ्यायच्या, थोरली घेऊ द्यायची. मूळ गाणं आपल्यापाशी मूळ जागी आहे, एवढं तिला पुरायचं. दूर गेलेल्या मुलाची खोली आई रोज झाडूनपुसून ठेवते, तशी तिने ती पट्टी ठेवली होती. धाकटी येईल, पलंगावर पालथी पडेल आणि म्हणेल, आण इकडे. आता स्वतःच गाणं खाली घ्यायचं म्हणजे त्या खोलीत आपलंच सामान नेऊन टाकायचं. ते तिच्याने होत नव्हतं.

हे सगळं तिने रेकॉर्डिस्टला सांगितलं नाही. "माझी बहीण," एवढंच सांगितलं.

"मग बोलवा ना तिला," तो म्हणाला. "हे एक गाणं ती गाऊ दे. बाकीची तुमच्या पट्टीत घेऊ. विचारायला काय जातं?"

विचारायला काय जातं हे थोरलीला चांगलं माहीत होतं, म्हणून तर तिने इतकी वर्षं विचारलं नव्हतं. पण तो तिच्याकडे बघत होता, गिटारवाला तिच्याकडे बघत होता, आणि वर जाणारा तो "ये" काही तिच्याने होत नव्हता.

तळघरात फोनला रेंज नसायची. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. म्हणून ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. भिंतीशी खुर्च्यांची रांग, त्यांवर गाल धरून बसलेली माणसं. थोरलीने फोन लावला.

"ताई? आज काय मध्येच? सगळं बरं ना?"

"बरं आहे. कामात आहेस?"

"एका काकांना गाडी शिकवतेय. थांब जरा. काका, गाडी कडेला घ्या. कडेला म्हणजे रस्त्याच्या, फुटपाथवर नाही. हं. हँडब्रेक ओढा. अहो, तो सीटचा आहे. हं, तो. बोल ताई."

थोरलीने जिन्यावर चार गोड वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "तू ये," ती म्हणाली. "मी माझी गाणी गातेय, तुला कळवलं होतं. त्यातलं एक तू गा. एकच. ते मला वर जमत नाही आणि मला ते खाली घ्यायचं नाही."

"कुठलं? खिडकीतल्या उन्हासारखी?"

"तुला आठवतंय?"

"आठवतंय काय? पाठ आहे."

पाठ आहे! आणि उत्तर काय पाठवलं होतं? छान आहे गं.

"मग ये की."

"नाही जमणार, ताई."

"नाही जमणार, वेळ नाही, बघू!" थोरलीचा आवाज चढला. दोन-तीन गाल तिच्याकडे वळले. "एकदा सरळ सांगून टाक ना, तुझी गाणी मला आवडत नाहीत म्हणून. मी काही मरत नाही त्याने. नुसतं वाट बघायला लावू नकोस. मी प्रत्येक गाणं तुझ्या गळ्यासाठी लिहिते गं. अजून लिहिते. आणि तू..."

"ऐक," धाकटी म्हणाली.

आणि ती गायला लागली. तिथेच, गाडीत, त्या काकांच्या शेजारी. खिडकीतल्या, श्वास, उन्हासारखी थोडा वेळ तरी ये. तोच आवाज, थोडा जाड झालेला, पण तोच. थोरलीने डोळे मिटले. उशीर झाला तर झाला, तू...

पुढे सूर नव्हता. "ये" आला, पण त्यात नुसती हवा होती. फुंकर मारल्यासारखी हवा, आणि तळाशी जरासं खरखरणं. धाकटीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "ऑपरेशननंतर वरचं गेलं. बोलणं राहिलं, खालचं राहिलं, वरचं गेलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. मीच त्यांना म्हटलं, ताईला सांगू नका."

"का?" थोरलीने विचारलं.

"कारण तू लगेच खालची गाणी लिहायला लागली असतीस. माझ्यासाठी. मी तुला ओळखत नाही का? आणि प्रत्येक गाण्यात मला तेच ऐकू आलं असतं, की हे खाली का आहे. तू वरच लिहीत राहिलीस ना, त्याचं मला इतकं बरं वाटायचं. कोणाच्या तरी कानात मी अजून तशी आहे. गाडीत एकटी असले की म्हणते सगळी. मनात. मनात आवाज अजून जातो वर."

"आणि मला वाटायचं..."

"माहितीये काय वाटायचं. 'छान' लिहिलं की पुढच्या रविवारी फुगून बोलायचीस. मला रोज वाटायचं सांगावं. मग नवीन गाणं यायचं, आणि मी गप्प बसायचे."

थोरलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचा एक गाल सुजून टम्म झाला होता. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"हो," थोरली म्हणाली.

"अक्कलदाढ असेल," बाई म्हणाल्या आणि सहानुभूतीने मान हलवत राहिल्या.

पण रडता रडताच थोरलीच्या मनात आशा उभी राहिली. "ऐक ना," ती घाईघाईने फोनमध्ये म्हणाली. "मी पट्टी खाली घेते. माझ्या पट्टीत तुला नक्की जमेल. दोघी गाऊ. अर्धं तू, अर्धं मी. तू फक्त ये."

धाकटी हसली. "बघ. लगेच. हेच म्हणत होते मी." मग तिचं हसू संपलं. "नको, ताई. मला आता गायचं नाही, मला ऐकायचंय. तू माझ्यासाठी जागा धरून बसलीस, आणि त्या नादात स्वतः उभीच राहिलीस. बस ना आता. गा तुझ्या पट्टीत. आणि झालं की लगेच पाठव, कच्चं असलं तरी चालेल. मी घरी जायच्या आत ऐकणार."

मागून काकांचा आवाज आला, "मॅडम, माझी काही घाई नाही हं."

"तुमची नसेल, मागच्या बसला आहे," धाकटी म्हणाली. "चला, गिअर टाका. ठेवते, ताई."

थोरली तळघरात उतरली. दोघांनी तिचा चेहरा पाहिला आणि गिटारवाल्याने गिटार मांडीवर घेतली. ती सरळ माइकपाशी गेली.

"खाली घे," ती गिटारवाल्याला म्हणाली.

"किती?"

"मला काय माहीत? माझी पट्टी कुठली हे मी कधी बघितलंय?"

आणि ते खरं होतं. पन्नाशी उलटली, ढीगभर गाणी झाली, आणि आपला सा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. गिटारवाल्याने चिमटा एक घर खाली सरकवला. ती दोन ओळी गायली. त्याने मान हलवली, नाही. आणखी खाली. पुन्हा दोन ओळी. असं करत करत शेवटी त्याने चिमटा काढलाच, खिशात टाकला आणि तारा मोकळ्या छेडल्या. थोरली गायला लागली, आणि रेकॉर्डिस्टने हातातली पोळी डब्यात परत ठेवली.

आवाज खोल होता. थोडा खरबरीत, थोडा थकलेला, पण पाय जमिनीवर टेकलेला. तो "ये" आता उंचावर नव्हता. दाराशी उभं राहून शेजारच्या खोलीत हाक मारावी तितकाच होता. गाणं संपल्यावर थोरली सकाळसारखं "पुन्हा घेऊ" म्हणाली नाही. तिने ते तसंच्या तसं फोनमध्ये मागून घेतलं, वर गेली आणि पाठवून दिलं.

मग ती पायरीवर बसून राहिली. रस्त्यावर ऊन होतं, माणसं ये-जा करत होती. गाणं जेवढं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. तिने स्वतःलाच समजावलं की गाडी चालवताना कोणी फोन बघत नाही. मग उत्तर आलं, आणि या वेळी ते "छान आहे गं" नव्हतं.

"तीनदा ऐकलं. काकांनी पण ऐकलं, ते म्हणाले ही कोण नवीन गायिका? ताई, हा आवाज तू कुठे लपवून ठेवला होतास? एकच सांगते, रागावू नकोस. 'खिडकीतल्या' म्हणून तू मध्येच श्वास घेतेस. तो माझा श्वास आहे. माझा दम तेवढाच होता म्हणून मी प्रत्येक ओळीत असंच थांबायचे. तुझा दम मोठा आहे. तिथे घेऊ नकोस."

थोरलीने ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. तिला कधी जाणवलंच नव्हतं. ती मनातल्या मनात जुन्या गाण्यांच्या ओळी म्हणून बघू लागली, आणि प्रत्येक ओळीत, श्वासाच्या जागी, धाकटी थांबत होती. इतक्या गायिका तिच्या डमीवरून शिकल्या. त्यांनी पट्टी बदलली, पण श्वास जिथे शिकले तिथेच घेतले. सगळ्यांच्या छातीत धाकटी होती. पट्टी तर आज गेली. आता हाही सोडायचा होता, आणि सोडायला सांगत होती ती धाकटीच.

ती खाली गेली. "अजून एकदा," म्हणाली.

गिटार सुरू झाली. ती पहिला शब्द गायली, "खिडकीतल्या", आणि सवयीने छाती भरायला निघाली. तिने श्वास अडवला. त्या जागेवरून ती न थांबता पुढे गेली, "उन्हासारखी थोडा वेळ तरी ये", ओळ कुठेही न तुटता सलग लांबत गेली, दम पुरला, आणि उरलासुद्धा. आता या गाण्यात धाकटीचं काहीच राहिलं नव्हतं. ना तिची उंची, ना तिचा श्वास. इतकी वर्षं थोरली हे शब्द धाकटीसारखे म्हणत आली होती. आज पहिल्यांदाच ती ते धाकटीला म्हणत होती. उशीर झाला तर झाला, तू ये, ती गायली, आणि आत कुठेतरी तिला पक्कं माहीत होतं की ती येणार नाही.